आक्का, दादाच्या पेशी कमी आल्या होत्या

आक्का,

तुझ्या स्मरणार्थ उपासना ठेवली होती, तेव्हा पाळकसाहेबांनी तुझा जीवनक्रम वाचून दाखवला. जन्म, मिशनची शाळा, नर्सिंगचं शिक्षण, नोकरी, मंडळीतली सेवा. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. शेजारी असतीस तर माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाली असतीस, "निमे, ही कोण बाई गं? भलतीच सोज्वळ हाय." मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी माईक धरला, आई गेल्यावर तू दादाला आणि मला कसं वाढवलंस तेवढं सांगितलं आणि खाली बसले. कॉलेजात पोरं कंटाळून जांभया देईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवणारी मी, पण पुढं शब्द फुटला नाही. कारण पुढचं जे होतं ते दादासमोर बोलण्यासारखं नव्हतं आणि दादा माझ्या शेजारीच बसला होता.

ते तुला सांगते. त्यातलं बहुतेक तुला ठाऊक आहे. शेवटचं तेवढं नाही.

आजार ओळखला तूच. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आलीस आणि आत न येता दारातच बसलीस. मी पाणी आणलं तर तू पाणी न पिता स्वतःच्या दंडाकडं बघत होतीस. पिशवीचा बंद जिथं अडकवला होतास तिथं जांभळा पट्टा उमटला होता.

"कुठं आपटलीस?" मी विचारलं.

"न्हाई आपटले. म्हणून तर बघतीय."

दुसऱ्या दिवशी तू एकटीच जाऊन रक्त तपासून आलीस. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही खाली. चहा गाळता गाळता मला म्हणालीस, "एक खाली असतं तर गोष्ट येगळी. तिन्ही खाली म्हंजी जिथं रक्त बनतं तिथंच काहीतरी झालंय." चहा एक थेंबही बाहेर सांडला नाही. मी मात्र त्या दिवशी दोनदा कपबशी फोडली आणि तू दोन्ही वेळा काचा गोळा केल्यास.

पुण्याला नेलं, कमरेच्या हाडात सुई घालून तपासलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, रक्त ज्या मूळ पेशींपासून तयार होतं त्यांच्यातच दोष झाला आहे. वाढत्या वयात होतो. आज ना उद्या याचा कॅन्सर व्हायची भीती आहे. बरं करणारा उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी मूळ पेशी मिळवून तुझ्या अंगात सोडायच्या. तू मान डोलवत ऐकलंस, जसं आयुष्यभर तू सांगायचीस आणि पेशंटचे नातेवाईक मान डोलवायचे तसं.

घरी आल्यावर आपण वाटाणे सोलत बसलो होतो. तू अचानक म्हणालीस, "निमे, तू पोरांना शिकवतीस ना ह्ये? मग मला सांग. पेशी म्हातारी व्हते म्हंजी नेमकं काय व्हतं?"

मी आधी पुस्तकी बोलायला लागले तर तू शेंग माझ्या अंगावर फेकलीस. मग सरळ सांगितलं. हाडाच्या पोकळीत या मूळ पेशी अगदी थोड्या असतात. बहुतेक वेळ निजलेल्या असतात. प्राणवायू कमी, खाणं कमी, पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं जवळजवळ बंद. त्या निजतात म्हणूनच टिकतात. जखम झाली, ताप आला, रक्त गेलं की काही उठतात, भरभर खातात, जळतात, एकीच्या दोन होतात आणि पुन्हा निजतात. पण वय वाढलं, अंगात बारीक सूज कायम राहिली, रक्तात साखर कायम चढती राहिली, की त्यांना नीट झोपच लागत नाही. आतला कचरा आतच साठतो. जुनी झालेली ऊर्जाकेंद्रं मोडून साफ करायचं काम मंदावतं. मग त्या संख्येनं वाढल्या तरी त्यांच्याकडून चांगलं रक्त होत नाही.

"आन् उपास केल्यावर साफ व्हतं का?"

"उंदरांमध्ये तसं दिसलंय काही ठिकाणी. माणसाचं एवढं खात्रीनं सांगता येत नाही."

तू हसलीस. "म्हंजी मी तरुणपणापासून ईस्टरच्या आधी लेंटचे चाळीस दिवस उपास धरले, साखर सोडली, रोज सकाळी घोडनदीच्या पुलापर्यंत चालत गेले. आन् आपला शामू, तुझा दादा, गुळाचा खडा तोंडात धरून गाड्यांवर हिंडला. त्याचं रक्त चांगलं, माझं नासलं."

मी म्हटलं, आक्का, खाण्यापिण्यानं पेशीचं वय कमीजास्त होत असेल, पण एखाद्या पेशीत दुभंगताना चूक होते ती कुणाच्यात होईल ते सांगता येत नाही.

"म्हंजी कुणाचाच दोष न्हाई."

"नाही."

"मग भांडू कुणाशी?" असं म्हणून तू उठलीस आणि सोललेले वाटाणे धुवायला घेऊन गेलीस. तुझ्या तोंडून तक्रार म्हणावी असं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं.

आपल्या तिघांचं रक्त तपासलं. माझं तुझ्याशी अर्धं जुळलं. दादाचं पूर्ण जुळलं. फोनवर सांगितलं तर दादा बोलेचना. मला वाटलं फोन कट झाला. मग वहिनीचा आवाज आला, "अहो ताई, हे रडतायत." संध्याकाळपर्यंत त्यानं दौंडच्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. तू फोन करून विचारलंस, "सोता किती खाल्ले?" तो म्हणाला, "एकच." वहिनी मागून म्हणाली, "चार."

दादाला साखर होती, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. मालगाडीचा गार्ड, जेवायची वेळ नाही, झोपायची वेळ नाही, स्टेशनवर जे मिळेल ते खायचं. गोळ्या खिशात असायच्या, पोटात जायच्याच असं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पेशी त्यांच्याच घेऊ, पण आधी साखर ताब्यात आणा. त्यावर तू काय केलंस? स्वतःला दर आठ-पंधरा दिवसांनी रक्त चढवावं लागत होतं, जिना चढताना धाप लागत होती, आणि तू कपड्यांची पिशवी भरून दौंडला राहायला गेलीस. आजारी बहीण धडधाकट भावाची सेवा करायला. मी चिडले तर म्हणालीस, "माझं औषध त्याच्या हाडात हाय. औषध नीट ठेवायला नको?"

त्या दिवसांत मी सुट्टी आली की यायची. तुमचं दोघांचं भांडण ऐकायला मिळायचं. सकाळी तू त्याला ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढायचीस. तो ताटाकडं बघून म्हणायचा, "आक्का, मी पेशंट हाय का तू?"

"तू. मी फक्त आजारी हाय."

तू त्याला कॉलनीच्या रस्त्यानं चालायला न्यायचीस. थोडं चालून तू कुणाच्या तरी ओट्यावर बसायचीस आणि तो फेऱ्या मारायचा, प्रत्येक फेरीला तुझ्यासमोरून जाताना तोंड वेडंवाकडं करून. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. एकदा चौफुल्याजवळच्या गुऱ्हाळावरून कुणीतरी त्याला ताजा गूळ दिला, तर त्यानं तो न खाता पुडी बांधून तुझ्या हातात आणून दिली. तू पुडीचा वास घेतलास, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि गूळ शेजारच्या पोरांना वाटून टाकलास. आईनंतर तूच त्याची आई होतीस हे मला माहीत होतं. पण मी जन्मायच्या आधीचे तुम्ही दोघं कसे असाल, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आक्का, तुझ्या दुखण्यानं आम्हांला काही चांगलं दिलं असेल तर ते दिवस दिले. त्यांच्याबद्दल मी तुझे उपकार मानते.

साखर उतरली. डॉक्टरबाई खूश झाल्या. दादा रिपोर्ट घडी करून खिशात ठेवायचा आणि ड्रायव्हरलोकांना दाखवायचा.

मी मात्र खूश नव्हते, आणि तूही नव्हतीस. एका दुपारी तो ड्यूटीवर गेल्यावर तू मला म्हणालीस, "काल चालताना त्याच्या पायातली चप्पल निघून मागं राहिली. चार पावलं तसाच गेला. त्याला कळलंच न्हाई."

मी उठून दार लोटून घेतलं.

"पायाच्या शिरा मेल्यात त्याच्या. मी लई पाय बघितलेत असले. पायाला कळंना, तर हाडाला कळंल का?"

तू पुस्तक न वाचता तिथवर आली होतीस जिथं मी वाचून पोचले होते. हाडातल्या पोकळीतही बारीक नसा असतात. मूळ पेशींना बाहेर पडायचा इशारा देण्यात त्यांचा हात असतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पेशी आतच अडकून पडतात. चार महिन्यांच्या पथ्यानं रक्तातली साखर उतरते, मागची पंधरा वर्षं उतरत नाहीत. मी हे सांगितलं आणि म्हटलं, दादाला कल्पना द्यायला हवी. ऐनवेळी कमी पडलं तर त्याला धक्का बसेल.

"काही सांगायचं न्हाई," तू म्हणालीस.

"आक्का, तो लहान नाही."

"तू त्याला वळखत न्हाईस. आई गेली तवा त्याला ताप होता. आई त्याच्या उशाशी जागली, मग तीच पडली आन् गेली. हा सात वर्षांचा पोरगा, दोन वर्षं मला इचारायचा, आक्का, माझा ताप आईला लागला का? त्याला पुन्यांदा तसं इचारायला लावू नको."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा तान्ही होते. आपलं भांडण तिथंच थांबलं, मिटलं नाही.

तुझ्या बिघडलेल्या पेशी मारायची जहाल औषधं सुरू करायच्या आत दादाच्या पेशी काढून गोठवून ठेवायचं ठरलं होतं. त्याला काही दिवस इंजेक्शनं दिली, मूळ पेशी हाडातून रक्तात उतराव्यात म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कंबर, पाठ ठणकेल, घाबरू नका. दादा रोज छाती पुढं काढून सांगायचा, "मला काहीच दुखत न्हाई! रेल्वेचं हाड हाय." सगळे हसायचे. तू हसायची नाहीस.

मग मशीनवर घेतलं. दोन्ही हातांत सुया, एका हातातून रक्त बाहेर, मशीन त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या काढणार, उरलेलं दुसऱ्या हातातून परत आत. तो तास न् तास हलला नाही. मशीनवरच्या मुलाला विचारायचा, "भैया, माल उतरतोय ना?" वर टांगलेल्या पिशवीत लालसर पाणी साठत होतं. त्याला त्या पिशवीवरून नजर काढवत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं तेव्हाही त्याला काही वाटलं नाही. उलट म्हणाला, "दोन दिवस म्हंजी डबल."

डॉक्टरबाईंनी आपल्या दोघींनाच आत बोलावलं. म्हणाल्या, दोन्ही दिवसांच्या मिळून हव्यात त्यापेक्षा कमी आल्यात. अगदीच नाहीत असं नाही. एवढ्यावर काही पेशंटचं रक्त उभं राहतं, काहींचं राहत नाही. मी विचारलं, साखरेमुळं? त्या म्हणाल्या, असू शकतं, त्यांचं वयही आहे, काहींच्या का येत नाहीत ते नीट सांगता येत नाही. मग दुसरा रस्ता सांगितला. माझ्या पेशी घ्यायच्या. अर्ध्या जुळतात, त्याला आता चांगली औषधं आहेत, पण त्या वाटेचे वेगळे धोके आहेत. कुठलाही रस्ता खात्रीचा नाही. विचार करून सांगा.

तू विचार केला नाहीस. तिथंच म्हणालीस, "शामूचंच घ्या."

बाहेर पॅसेजमध्ये मी तुला अडवलं. माझा आवाज चढला होता, लोक बघत होते.

"माझ्या घे, आक्का. मला साखर नाही, मी लहान आहे, माझ्या भरपूर निघतील."

"अर्ध्या जुळणीचं अंगावर उलटतं. मी बघितलंय."

"तू बघितलंस ते जुनं. त्या बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्यांनी खात्री दिली का? न्हाई. मग जे पुरं जुळतं ते बरं."

"हेच एक कारण आहे?"

तू माझ्याकडं बघितलंस. तुझे ओठ पांढरे पडले होते, रक्त नव्हतंच त्यांच्यात. "दुसरं असलं तरी तुला काय करायचंय? त्याला इतकंच सांग, भरपूर आल्या. शपथ घे."

मी घेतली. पॅसेजच्या टोकाला दादा बाकावर बसून दोन्ही दंडांना चिकटवलेल्या पट्ट्यांकडं कौतुकानं बघत होता. तू त्याच्याकडं गेलीस, शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "शाम्या, लई आल्या रे." तो लाजला.

आक्का, मला अजून कळत नाही. तू नर्स म्हणून ठरवलंस की बहीण म्हणून? पूर्ण जुळणारं खरंच बरं वाटलं तुला, की त्याला कमी पडल्याचं कळू नये म्हणून तू जिवावरचा डाव खेळलीस? माझ्या घेतल्या असत्या तर तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही, कुणीच म्हणू शकत नाही. पण मला कारण हवं होतं. औषधं सुरू झाल्यावर मी चार वेळा विचारायचं ठरवून, जंतू लागू नयेत म्हणून तुला वेगळं ठेवलं होतं त्या खोलीच्या काचेपाशी आले आणि दर वेळी तुला बघून परत फिरले. केस गेलेले, तोंडात फोड आलेले, आणि त्यातही तू आतून नर्सला खुणेनं सांगत होतीस की सलाईनची नळी वाकडी झाली आहे.

दादाच्या पेशी तुझ्या अंगात सोडल्या. त्यानंतर आपण वाट बघत बसलो. रोज सकाळी रिपोर्ट. रोज सकाळी दौंडहून फोन, "निमे, किती चढलं?" आणि मी म्हणायची, चढतंय. खोटं नव्हतं ते. पांढऱ्या पेशी शून्यावरून थोड्या वर आल्या. मग तिथंच थांबल्या. प्लेटलेट वर आल्याच नाहीत.

मी काचेबाहेर बसून त्या पेशींचा विचार करायची. पंधरा वर्षं गोड रक्तात राहिलेल्या, आधीच दमलेल्या, संख्येनं थोड्या. एरवी त्यांच्यातल्या मूठभर जागल्या असत्या आणि बाकीच्या निजल्या असत्या. इथं आपण सगळ्यांना एकदम उठवलं होतं, परक्या हाडात, आणि एका आख्ख्या माणसाचं रक्त करा म्हणून सांगितलं होतं. त्या करत होत्या. त्यांच्याच्यानं होईल तेवढं करत होत्या. मला वर्गात हे शिकवताना कधी वाईट वाटलं नव्हतं.

दादाकडून पुन्हा एकदा पेशी घ्याव्यात असं बोलणं सुरू झालं, तोवर तुझ्या छातीत बुरशीचा संसर्ग उतरला. मग सगळं बोलणंच संपलं.

शेवटच्या दिवशी मला गाऊन, मास्क घालून आत सोडलं. तुझ्या तोंडावर ऑक्सिजन होता. तू तो बाजूला करायला बोट लावलंस, मी हात धरला. तू आतूनच बोललीस, मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"शामूची ड्यूटी कुठं हाय आज?"

"मनमाडकडं गेलाय."

"मग आता सांगू नको. गाडीवरनं उतरल्यावर सांग."

दुपारी तू गेलीस. मी तुझं ऐकलं. तो गाडीवरून उतरेपर्यंत सांगितलं नाही.

शिरूरच्या दफनभूमीत माती द्यायला पुष्कळ लोक आले. तू ज्यांची बाळंतपणं केलीस त्या बायका, त्यांची पोरं, त्यांची नातवंडं. जो तो दादाचा हात धरून म्हणत होता, "भाऊ असावा तर असा. सोताचं रक्त दिलं." दादा प्रत्येक वेळी हात सोडवून घ्यायचा. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं तेव्हा लोकांचे आवाज फुटेनात. मग दादानं उचललं. दौंडच्या देवळात इतकी वर्षं तोच पेटीवर बसतो, तोच गायन चालवतो, त्याचा गळा तुला माहीत आहे. उघड्या कबरीपाशी उभं राहून त्यानं चारही कडवी एकट्यानं म्हटली. मला वाटलं, हा तरेल. याच्याजवळ तो विश्वास आहे, जो माझ्याजवळ नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. जेवत नाहीत, गोळ्या घेत नाहीत, रजा टाकून घरात बसलेत, तुम्ही या. मी एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला गेले. तू झोपायचीस त्या कॉटवर दादा बसला होता. वहिनी चहा ठेवून आत गेली, मुद्दामच.

मग तो म्हणाला, "निमे, तू शिकलेली हायस. मला खरं सांग. माझं कमी पडलं का?"

मी त्याच्याकडं बघितलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि तू सांगितलेलं ते सात वर्षांचं पोर मला त्याच्या तोंडावर दिसलं. आक्का, मी तुझ्याशी वाद घातला होता की त्याला सांगायला हवं. मला अजूनही तसंच वाटत होतं. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत आले होते. पेशी कमी आल्या, पण आक्काला ते ठाऊक होतं. तिनं माझ्या नाकारल्या आणि तुझ्या मागून घेतल्या. एवढं सांगायचं होतं.

"नाही दादा," मी म्हटलं. "भरपूर आल्या होत्या. छातीत जंतू शिरले, त्यानं गेली."

"शपथ?"

"शपथ."

त्यानं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मला वाटलं, आता हा रडेल आणि मोकळा होईल, आणि तुझं बरोबर होतं असं मी तुला मनातल्या मनात सांगायला लागले.

"मंग म्या समदं केलं," तो सावकाश म्हणाला. "पथ्य केलं. चाललो. गूळ सोडला. इंजेक्शनं घेतली. जुळत व्हतं, पुरं जुळत व्हतं. भरपूर आल्या. माझ्याकडनं काय बी राहिलं न्हाई."

"काही राहिलं नाही."

"मंग त्यानंच नेली," तो म्हणाला. त्याचं बोट छताकडं होतं. "मी इतकी वर्सं त्याचं गाणं गातोय. मला वाटलं माझं काही चुकलं आसंल. साखरेचं, खाण्याचं. चुकलं आसतं तर मी त्याच्यापुढं डोकं टेकवलं आसतं. पण तू म्हणतीस माझं काय बी चुकलं न्हाई. मंग त्यानं का नेली?"

पेशीत चूक होते, कुणाच्यात होईल ते सांगता येत नाही, हे तुला सांगितलं होतं तेच सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो उठला, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि वहिनीला म्हणाला, वाढ, जेवतो. जेवला. गोळीही घेतली. वहिनीनं माझे हात धरले, म्हणाली, ताई, तुम्ही आलात म्हणून झालं.

रविवारी दुपारी तिचा पुन्हा फोन आला. सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला होता. ती दारात चप्पल घालून उभी राहिली. तो खुर्चीवरून उठलाच नाही. ती म्हणाली, चला, उशीर होतोय. तो म्हणाला, तू जा. देवळातून दोघं जण बोलवायला आले, पेटीवर कुणी नाही म्हणून. त्यानं त्यांना पाणी दिलं, बसा म्हणाला, आणि सांगितलं की मी आता येणार नाही. भांडला नाही, रडला नाही. सोमवारपासून ड्यूटीवरही हजर झाला. "चांगलं खातात, चांगलं झोपतात," वहिनी फोनवर रडत होती, "पण ताई, घरात जेवणाच्या आधीची प्रार्थनाबी बंद केलीय. मी म्हणायला लागले की ताटावरनं उठून जातात. असं काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

खरं सांगितलं असतं तर त्यानं जन्मभर स्वतःला खाल्लं असतं, पण गुडघे टेकायला त्याला जागा राहिली असती. आता तो स्वतःला काही म्हणत नाही आणि जागाही राहिली नाही. यातलं तुला काय हवं होतं? शपथ घेताना तू मला हे सांगितलं नव्हतंस. तुलाही ठाऊक नसणार. आता खरं सांगायला गेले तर तो एवढंच ऐकेल की मी शपथेवर खोटं बोलले, आणि बाकीचं सगळं त्याच्यावर पुन्हा कोसळेल. न सांगावं तर तो असाच राहणार. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते, कुठूनही वाट निघत नाही. आणि ज्या एका माणसाशी या गोष्टीवर भांडता आलं असतं ते माणूस तू.

वहिनीला मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, लवकर. अजून गेलेले नाही. गेले तर त्याच्यासमोर बसून काय बोलायचं ते मला माहीत नाही, आक्का.